भागूचं कुलूप

भागू हे तिचं खरं नाव नव्हे. शाळेच्या पहिल्याच दिवशी ती वर्गाच्या दारात ओकली, तीही थेट बाईंच्या चपलांवर, आणि त्या संध्याकाळी दादाने घरभर जाहीर केलं की आपल्याकडे एक भित्री भागूबाई आहे. पुढे त्यातलं ‘भित्री’ सुटलं, ‘बाई’ गळून पडलं आणि भागू तेवढी चिकटली. आता ती इलेक्ट्रिशियनच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला होती, घरातले सगळे पंखे, दिवे आणि आईच्या शिलाई मशीनची मोटर तिच्याच हाताखालून गेलेली होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

आणि खोटं कशाला बोला, नाव चुकीचंही नव्हतं. भागू घाबरायची. परीक्षेला घाबरायची, नव्या माणसाला घाबरायची, फोन उचलायला घाबरायची. विजेला तर घाबरायचीच. पण बटण दाबल्यावर आपण जोडलेला दिवा लागला की तिला इतका आनंद व्हायचा की ती एकटीच हसत बसायची. त्या आनंदापुढे भीती कितीही मोठी असली तरी तिला चालायची. अडचण एवढीच होती की तिची भीती लोकांना दिसायची. हात थरथरायचे.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत स्क्रूड्रायव्हर तिच्या हातून पडला. उचलला, पुन्हा पडला. जोडणी बिनचूक होती, पण सरांचं लक्ष जोडणीकडे नव्हतंच. सर मनाचे वाईट नव्हते. त्यांनी तिला बाजूला बोलावलं आणि अगदी मायेने सांगितलं, “हे बघ, सोमवारपासून सगळ्यांना कामाच्या जागी पाठवतोय. दीड महिना. तुलाही पाठवतो. पण तिथल्या वायरमनने एकदा जरी फोन करून सांगितलं की ही मुलगी नको, तर मी तुला परत बोलावणार आणि ऑफिसच्या कोर्सला घालणार. टायपिंग आहे, फायली आहेत. तिथे कोणाला शॉक लागत नाही.”

मायेने बोललेलं जास्त लागतं. भागूने घरी येऊन सगळं सांगितलं.

रविवारी घरात उपदेशाचं दुकान उघडलं होतं. आई गणवेशाला तिसऱ्यांदा इस्त्री करत होती आणि दर घडीला म्हणत होती, “घाबरू नकोस हं.” आत्या खास या कामासाठी दोन बस बदलून आली होती. आत्याला सगळ्यातलं सगळं कळतं. तिने भागूला खुर्चीत सरळ बसवलं आणि खोल श्वास घ्यायला लावले. भागूने इतकं मन लावून श्वास घेतले की तिला चक्करच आली. मग आत्याने तिला आरशासमोर उभं केलं आणि “मी कोणाला घाबरत नाही” असं मोठ्याने म्हणायला सांगितलं. भागूने म्हटलं. आरशात मागे दादा उभा होता, तो हसून हसून भिंतीला टेकला.

“तुम्ही सगळे बाजूला व्हा,” बाबा म्हणाले. बाबा बसचे ड्रायव्हर. “मी सांगतो तिला. माझा पहिला दिवस ऐक. स्टिअरिंगवर बसलो आणि असा काही घाबरलो, असा काही घाबरलो, की एकाही थांब्यावर गाडी थांबवलीच नाही. माणसं आत बोंबलतायत, बाहेरची मागे धावतायत, आणि मी आपला सरळ! शेवटच्या थांब्यावर जाऊन थांबलो.”

“मग?” भागूने विचारलं.

“मग काय, शिव्या खाल्ल्या. म्हणून सांगतो, घाबरायचं नाही.”

यातून नेमका कोणता बोध घ्यायचा हे बाबांनाही सांगता आलं नसतं. पण बोलून ते फार खूश दिसले.

भागू टेबलाशी जाऊन बसली आणि तिने पिशवीतलं सामान काढलं. टेस्टर, पक्कड, टेप, आणि लाल रंगाचं एक कुलूप. हे कुलूप कोर्सच्या प्रत्येक मुलाला मिळतं. वायरीला हात घालायचा असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्याच्या दांड्याला असलेल्या भोकात हे कुलूप अडकवायचं आणि मगच कामाला जायचं. स्विच असतो एकीकडे, माणूस काम करतो दुसरीकडे. मध्येच कोणी शहाणा येऊन स्विच लावेल याचा काय भरवसा? म्हणून कुलूप. त्याला चावी एकच. ती ज्याची त्याच्या गळ्यात. ती कोणालाही द्यायची नाही, सरांना नाही, मालकाला नाही, आणि माणूस वायरीवर असेपर्यंत कुलूप काढायचंही नाही. पूर्ण कोर्समध्ये भागूला हीच एक गोष्ट अशी वाटली होती की ती तिच्यासारख्याच कोणीतरी, चांगल्यापैकी घाबरलेल्या माणसाने शोधून काढली असणार.

कुलपाला एक लाल पाटी होती. तिच्यावर छापलं होतं: ‘धोका. स्विच लावू नका. माणूस कामावर आहे.’ खाली नावासाठी जागा कोरी होती.

दादाने मागून वाकून पाहिलं. “नाव लिही की. मोठ्या अक्षरात लिही, भित्री भागूबाई. म्हणजे लोकांना आधीच कळेल.”

आई म्हणाली, “गप रे. घाबरवू नकोस तिला.” आत्या म्हणाली, “भागू, श्वास!” बाबा म्हणाले, “मी तर म्हणतो, मनात भीती आणायचीच नाही.”

आणि भागूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“बास!” ती उभी राहिली. “मला भीती वाटतेय. उद्याही वाटणार आहे, परवाही वाटणार आहे. ती काढायची नाही, कमी करायची नाही, तिच्यावर फुंकरही मारायची नाही. भीती माझी आहे, माझं मी बघेन. आता या घरात ‘घाबरू नकोस’ असं जो म्हणेल त्याच्याशी मी दीड महिना बोलणार नाही.”

भागूने जाड मार्कर घेतला आणि पाटीवरच्या कोऱ्या जागेत, दादाच्या डोळ्यांदेखत, ठसठशीत अक्षरांत लिहिलं: भागू. दादाने मार्करचं टोपण उचलून दिलं. आईचं तोंड मात्र दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं.

सकाळी भागूला उलटी झाली. तिने तोंड धुतलं, चावी गळ्यात घातली, डबा घेतला आणि निघाली. दारात सगळे मूग गिळून उभे होते. आत्याने फक्त नाकाने एक मोठा श्वास घेऊन दाखवला.

ज्या वायरमनच्या हाताखाली तिला पाठवलं होतं त्याला त्याचे सोबती पाठीमागे ‘फ्यूज’ म्हणत, कारण तो कशानेही उडायचा. डोक्यावर अर्धं टक्कल, भुवया मात्र दाट, आणि खांद्यावर वायरीचं वेटोळं. एका मोठ्या कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या दाराशी तो तिची वाट बघत होता. दुकान चार मजली होतं आणि तिसऱ्या मजल्यावरचे, म्हणजे लहान मुलांच्या कपड्यांच्या विभागातले, निम्मे दिवे रात्रीपासून बंद होते.

“तूच का ती?” त्याने विचारलं. मग त्याची नजर तिच्या हातांवर गेली. “हात का थरथरतायत?”

“भीती वाटतेय,” भागू म्हणाली.

असं उत्तर फ्यूजला आजवर कोणी दिलं नसावं. शिकाऊ मुलं म्हणायची, थंडी आहे, झोप झाली नाही, चहा घेतला नाही. तो मान हलवत आत गेला. मान हलवणं काही कौतुकाचं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर छोट्या छोट्या फ्रॉकच्या रांगा होत्या आणि मध्येमध्ये मुलांच्या उंचीचे पुतळे उभे होते. काहींना डोकी होती, काहींना नव्हती. फ्यूजने शिडी लावली, छताची एक फळी सरकवून आत डोकावलं आणि खाली येऊन सांगितलं, “जोडाचा डबा जळलाय. जुना काढायचा, नवा घालायचा, वायरी परत जोडायच्या. अर्ध्या तासाचं काम. तू तळघरात जा. पॅनेलवर तिसऱ्या मजल्याचा मोठा स्विच आहे, तो खाली कर आणि वर ये.”

“आणि कुलूप लावते,” भागू म्हणाली.

“कसलं कुलूप?”

भागूने लाल कुलूप दाखवलं. फ्यूज हसला. पुतळ्यांनाही ऐकू जाईल असा हसला.

“अगं पोरी, हे तुमच्या शाळेतले खेळ. मी हे काम करतोय ते तू पाळण्यात असल्यापासून. माझ्या आयुष्यात मी कुलूप लावलं नाही. स्विच खाली केला की झालं. लावायला कोण जातंय तिथे? तळघरात उंदीरही जात नाही.”

“तरी लावते.”

“का? भीती वाटते म्हणून?”

“हो. भीती वाटते म्हणून.”

फ्यूजच्या भुवया एकत्र आल्या. “हे बघ, मी साधा माणूस आहे, तोंडावर बोलतो. घाबरट माणूस मला शिडीखाली नको. दिव्यांचं काम आहे हे, अशाने वेळ जातो. पोरं पाठवतात आणि कुलपांचा संसारही पाठवतात. तुझ्या सरांना आत्ता फोन करतो. उद्यापासून येऊ नकोस.”

म्हणजे झालं. ज्याची रात्रभर धास्ती घेतली ते सकाळच्या पहिल्याच कामाला पुढ्यात आलं. भागूच्या डोळ्यांसमोर टायपिंगचा वर्ग आला, फायली आल्या, सरांचा तो मायाळू चेहरा आला. एखाद्याने इथे माघार घेतली असती आणि त्याला कोणी नावं ठेवली नसती. पण भागूचं एक होतं. एकदा ती पुरती घाबरली की मग तिच्याकडे घाबरायला काही शिल्लकच राहायचं नाही.

“करा फोन,” ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला, तरी ती बोलत राहिली. “उद्या नाही येणार. पण आज मी इथे आहे, आणि आज मी कुलूप लावणार.”

आणि फ्यूजने तोंड उघडायच्या आत ती जिन्याकडे वळली.

तळघरात खोक्यांचा ढीग होता आणि दमट पुठ्ठ्याचा वास येत होता. पॅनेल भिंतीवर होतं. तिने तिसऱ्या मजल्याचा स्विच खाली ओढला, कुलूप भोकात घालायला गेली आणि ते भोकात जाईना. हात इतके हलत होते की कुलूप दांड्यावर टकटक वाजत होतं. “हल,” ती हाताला म्हणाली, “हवा तेवढा हल. पण काम करून मग हल.” शेवटी दुसऱ्या हाताने पहिला हात धरून तिने कुलूप अडकवलं, दाबून बंद केलं आणि ओढून पाहिलं. पाटी नीट समोर केली. वर येताना तिला रडू आलं. ते तिने जिन्यातच आवरलं.

फ्यूज शिडीवर चढला होता. तिच्याकडे न बघता त्याने टेस्टर लावून पाहिला, वीज गेल्याची खात्री केली आणि कामाला लागला. भागूने एका हाताने शिडी धरली आणि दुसऱ्या हाताने बॅटरी. बॅटरीचा उजेड छतावर नाचत होता.

“उजेड स्थिर धर! वरात आहे का?”

“धरतेय, काका.”

“काका नको म्हणूस. तुझी बदली झालीये.”

“बरं, काका.”

तो काही पुटपुटला, पण लागेल तशी टेप, पक्कड, नवा डबा मागत राहिला, आणि भागू मागायच्या आधीच पुढचं सामान वर धरत राहिली. तिचे हात थरथरत होते, पण चुकत नव्हते. फ्यूजच्या ते लक्षात आलं असावं, कारण मध्यंतरी बराच वेळ तो ओरडला नाही.

दुकान उघडायची वेळ झाली तसा मॅनेजर आला. टाय घट्ट, घड्याळ मोठं, आणि चेहरा असा की जणू दिवे फ्यूजनेच घालवले आहेत. “किती वेळ अजून? खाली दारात माणसं उभी आहेत. या मजल्यावरचं बिलाचं मशीनही बंद आहे.”

“पाच मिनिटं, साहेब,” फ्यूज वरून म्हणाला. “होतच आलंय.”

मॅनेजर पुढच्या रांगेत जाऊन फोनवर कोणालातरी झापू लागला. फ्यूजने दोन वायरींची टोकं सोलली, तांबं उघडं केलं आणि भागूला म्हणाला, “जा, तुझं ते कुलूप काढ आणि स्विच लाव. तू तळघरात उतरेपर्यंत माझे हे दोन जोड होतात. माझी रोजचीच पद्धत आहे.”

भागू जागची हलली नाही.

“ऐकू आलं का?”

“आलं. तुमचे हात वायरीला आहेत.”

“तू खाली पोहोचेपर्यंत नसतील.”

“मग नसतील तेव्हा जाते.”

“अगं, पण तेवढाच वेळ वाचतो ना!”

“वाचू दे नाही तर न वाचू दे. तुम्ही शिडीवरून खाली या. तुमचे दोन्ही पाय मला जमिनीवर दिसले की मी जाते.”

फ्यूज उडालाच. शिडीवर होता म्हणून, नाही तर उडीच मारली असती. “माझे पाय बघणारी तू कोण? दूध पिणारं पोर मला शिकवतंय! ती चावी दे इकडे. मी खालच्या वॉचमनला बोलावतो, तो काढेल.”

“चावी कोणाला देत नसतात.”

“माझ्या जिवाची काळजी तू करू नकोस!”

“तुमच्या नाही, मी माझी करतेय!” भागूही आता ओरडली. “उद्यापासून मी येणार नाहीच आहे. तुम्हाला काही झालं तर मला जन्मभर झोप लागायची नाही. मी घाबरट आहे, मला नाही सहन होणार! तुम्ही मला हाकला, फोन करा, शिव्या घाला, काय वाटेल ते करा. चावी नाही मिळणार!”

बोलता बोलता तिने गळ्यातली चावी मुठीत धरली होती. फ्यूज वर तसाच उभा, दोन्ही हातांच्या चिमटीत उघड्या तांब्याची दोन टोकं. हे भांडण चांगलं पाच-सात मिनिटं चाललं होतं. मॅनेजरचा फोनवरचा आवाज केव्हा थांबला आणि तो स्वतः केव्हा तिथून गेला, हे भांडणाच्या भरात दोघांनाही कळलं नव्हतं.

जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला. मॅनेजर वर येत होता. टाय सैल झाला होता, हाताला धूळ लागली होती आणि तो रागाने लाल झाला होता.

“काय चाललंय काय तुमचं?” तो वरच्या पायरीवरूनच ओरडला. “तुम्ही दोघं गप्पा मारत उभे आहात, मला वाटलं काम झालं असेल. म्हटलं, आपणच जाऊन स्विच लावावा. दर वेळी दिवे गेले की मीच लावतो. तर तिथे लाल कुलूप! ओढलं, खेचलं, निघेना. कोण ही भागू?”



फ्यूज मॅनेजरकडे बघत होता. मग त्याने हळूच आपल्या हातांकडे पाहिलं. उजव्या चिमटीत एक टोक, डाव्या चिमटीत दुसरं. त्याने ती टोकं सोडली नाहीत. बराच वेळ सोडलीच नाहीत. मग एकेक करून, अगदी सावकाश, ती एकमेकांपासून लांब वाकवली, आणि शिडीची एकेक पायरी चाचपत खाली आला. खाली आल्यावर तो मोज्यांच्या खोक्यावर बसला.

“मी विचारलं, कोण ही—”

“साहेब,” फ्यूज म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मॅनेजरला पुढे वाकावं लागलं. “साहेब, वायरी माझ्या हातात होत्या.”

मॅनेजरला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्याने शिडीकडे पाहिलं, छतातल्या भोकाकडे पाहिलं, स्वतःच्या धुळीने भरलेल्या हाताकडे पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ‘मी खाली जातो’ असं काहीतरी तो पुटपुटला, मग खाली या शब्दानेच दचकला आणि तिथेच एका डोकं नसलेल्या पुतळ्याला धरून उभा राहिला.

भागूने पिशवीतून पाण्याची बाटली काढून फ्यूजला दिली. त्याने झाकण उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. त्याचे हात थरथरत होते, भागूच्या हातांपेक्षा जास्त. तिने झाकण उघडून दिलं आणि दुसरीकडे बघितलं, कारण कोणी आपल्या थरथरत्या हातांकडे टक लावून बघितलं की कसं वाटतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, “दोन जोड राहिलेत.”

“हो.”

“माझ्याने आत्ता होणार नाहीत.”

भागू शिडीकडे गेली. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. ती चढत राहिली. खाली फ्यूजने खोक्यावरून उठून दोन्ही हातांनी शिडी धरली होती. तिने आधी टेस्टर लावून पाहिला, मग टोकं उचलली. स्क्रूड्रायव्हर एकदा हातातून निसटून खाली पडला. फ्यूजने तो उचलून निमूट वर दिला. जोड झाले, तिने ते ओढून पाहिले, डब्याचं झाकण लावलं, फळी सरकवली आणि खाली आली.

“जा आता,” फ्यूज म्हणाला. “काढ कुलूप.”

“तुम्ही आधी शिडीपासून लांब व्हा.”

“आता तर काम झालंय ना!”

“लांब.”

फ्यूजच्या भुवया पुन्हा एकत्र आल्या. तो चार पावलं मागे सरकला. भागू अजून बघतच होती. तो आणखी दोन पावलं सरकला आणि फ्रॉकच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मॅनेजर काही कारण नसताना त्याच्याही मागे जाऊन उभा राहिला. मग भागू तळघरात गेली. या वेळी तिने गळ्यातली चावी काढली, कुलूप उघडलं आणि स्विच वर ढकलला.

ती परत वर पोहोचली तेव्हा अख्खा मजला उजळलेला होता. तिला हसू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

फ्यूज खिडकीपाशी फोनवर बोलत होता. बोलल्याप्रमाणे त्याने सरांना फोन लावलाच होता. भागूचं हसू मावळलं. ती शिडीपाशी थांबली आणि शिडी आवरायच्या निमित्ताने ऐकू लागली.

“हो, हो, तीच... घाबरते का? घाबरते की. फार घाबरते. मी एवढं घाबरट माणूस आजवर पाहिलेलं नाही, सर.” तो थांबला. पलीकडे सर बोलत असावेत, कारण तो थोडा वेळ नुसता ‘हं हं’ करत होता. मग एकदम उडाला. “कसला ऑफिसचा कोर्स? कोणाला विचारून? पोर इथेच राहील. दीड महिना म्हणजे पुरता दीड महिना! आणि हे बघा, ते लाल कुलूप तुमच्याकडे जादा असेल तर एक पाठवून द्या. कोणासाठी म्हणजे काय? माझ्यासाठी!”

त्याने फोन खिशात टाकला, भागू ऐकत होती हे पाहिलं आणि घसा खाकरला.

“उद्या वेळेवर ये. आणि येताना ती भीती जरा घरी ठेवून ये. दिवसभर बॅटरी नाचवतेस.”

भागूने कुलपाच्या पाटीवरची धूळ पुसली, चावी परत गळ्यात घातली आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “नाही ठेवणार. सगळी घेऊन येणार.”

फ्यूजने शिडीचं एक टोक उचललं. दुसरं तिने उचललं.